खास पाहुणी

शंभर वर्षांपूर्वीच्या धारवाडात शुक्रवारपेठ ही मुख्यतः ब्राह्मणांची वस्ती होती. तिथल्या एका सधन घराच्या बागेत शेजारची एक लहान मुलगी आंबे तोडायला शिरली आणि पकडली गेली. पोरांनी कैऱ्या-आंबे चोरावेत आणि मालकानं ओरडावं, ही कुठल्याही गावातली रीतच. पण ही मुलगी पुढे ख्यातनाम गायिका गंगूबाई हनगल झाली, आणि मोठेपणी त्या ओरडण्याचा खरा अर्थ तिनं सांगितला. बागवाल्यांचा संताप चोरीपुरता नव्हता. गाणाऱ्या बाईच्या मुलीनं आपल्या बागेत पाऊल टाकलं, हे त्यांना सहन झालं नव्हतं. ही आठवण सांगताना गंगूबाई पुढे हेही सांगत, की आता तीच माणसं मला खास पाहुणी म्हणून घरी बोलावतात.

समाज माणसाच्या वागण्याला वळण कसं लावतो, याचा विचार करताना मला ही आठवण फार उपयोगी वाटते. कायदा विचारतो, तू काय केलंस? बागेच्या मालकानं विचारलं, तू कोणाची? पहिल्या प्रश्नाचं उत्तर माणूस उद्या बदलू शकतो. आज चोरी केली, उद्या करणार नाही, असं म्हणता येतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढीशी मुलगी बदलणार कशी? आपल्या रोजच्या जगण्यात हे दोन्ही प्रश्न इतके मिसळलेले असतात, की आपण नेमका कोणता विचारतो आहोत हे आपल्याला कळतही नाही. चोरीवर बोट ठेवलं की जातीवरचा राग नीतीचे कपडे घालून हिंडू शकतो.

त्या गल्लीत कुणी पाटी लावली नव्हती, पहारा बसवला नव्हता. तरी कुठल्या उंबऱ्याशी थांबायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपण ज्याला सोवळं म्हणतो आणि धारवाडकडे मडी म्हणतात, त्याचं कामच असं चालतं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला ओसरीवर बसवायचं, कुणाला पाणी वरून ओतायचं, हे शिकवणारी शाळा नसते. मुलं ते बघून शिकतात. एखाद्या घरातली आजी कपाळाला आठी घालते, तेवढ्यावर समोरच्याला आपली जागा समजते. दंड नाही, तुरुंग नाही, तरी हुकूम मोडण्याची कुणाची छाती होत नाही. कुठल्याही सरकारला हेवा वाटावा असा हा कारभार आहे.

तो किती खोल जातो ते 1924 साली दिसलं. त्या वर्षी डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असं हे एकमेव अधिवेशन. तिथं स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये अकरा वर्षांची गंगूबाई होती. एवढ्या मोठ्या सभेत, गांधींच्या समोर गायचं याचं दडपण एखाद्या मुलीला यावं हे साहजिक आहे. तिला भीती होती ती जेवणाची. पंगतीत आपल्याला वेगळं तर बसवणार नाहीत? त्या मांडवात तिला कुणी काही बोललं असो वा नसो, भीती तिनं धारवाडहून बरोबर नेली होती. समाजाचा नियम पुरता रुजला, की नियम लावणाऱ्याची गरजच उरत नाही. माणूस स्वतःच स्वतःला अडवतो.

मग नियम म्हणजेच अन्याय, असं समजायचं का? तसं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. गंगूबाईंचं आयुष्यच त्याला उत्तर आहे, कारण जातीची चौकट ओलांडणाऱ्या या बाई दुसऱ्या एका शिस्तीत जन्मभर राहिल्या. हुबळीहून रेल्वेनं त्या कुंदगोळला जात, सवाई गंधर्वांकडे शिकायला. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँचे शिष्य. त्यांची तालीम कडक. एकच लहानशी सुरावट मनासारखी येईपर्यंत पुन्हा पुन्हा घोटायची, पुढचं मागायचं नाही. गुरूचं नाव घेताना कानाला हात लावायचा, मैफलीत ज्येष्ठांच्या आधी गायचं, त्यांची परवानगी घेऊन गायचं, हेही संगीतातल्या चालीरीतींमध्ये आलं. बाहेरून बघणाऱ्याला ही घराण्याची शिस्त जातीच्या शिस्तीइतकीच जाचक वाटेल. दोन्हींत वडीलधारे आहेत, दोन्हींत मान खाली घालणं आहे.

तरीही त्यांत मोठं अंतर आहे. घराणं विचारतं, हा स्वर लागला का? लागला नसेल तर पुन्हा लाव. ज्याला तो लागेल त्याला पुढची जागा मिळेल. म्हणून तर एका मुसलमान उस्तादांकडे ब्राह्मण रामभाऊ शिकले, आणि रामभाऊंकडे गाणाऱ्या अंबाबाईंची मुलगी, गंगूबाई शिकली. शिस्त कितीही कडक असो, ती माणसाच्या करण्याकडे बघत असेल तर माणूस तिच्यातून वाढतो. ती त्याच्या जन्माकडे बघत असेल तर कितीही मवाळ शब्दांत सांगितली तरी माणूस तिच्यात गुदमरतो. सगळे नियम उधळून लावू म्हणणारा आणि सगळे नियम जपू म्हणणारा, दोघेही ही निवड करायचं टाळतात.

जन्म आणि कृती यांतला हा फरक आपल्या इतिहासात आणखी एका ठिकाणी लख्ख दिसतो. 1890 साली पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक अशी नामवंत मंडळी हजर होती. कुणी चहा घेतला, कुणी नुसता पेला हातात धरला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात गहजब झाला. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, घराघरांत ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकणं, सुरू झालं. शेवटी प्रायश्चित्ताचा तोडगा निघाला. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांसारख्या सुधारकानंही मित्रांच्या अडचणीकडे बघून प्रायश्चित्त घेतलं, आणि त्याबद्दल सुधारकांकडूनच बोलणी खाल्ली.

हे प्रकरण आपण सहसा सनातन्यांच्या हट्टाची गोष्ट म्हणून सांगतो. मला त्यातला दरवाजा महत्त्वाचा वाटतो. चहा पिणाऱ्यांनी नियम मोडला, त्यांना शिक्षाही झाली. पण परतीची वाट ठेवलेली होती. दक्षिणा द्या, विधी करा, पुन्हा पंगतीला बसा. ते आतले होते, म्हणून त्यांच्यासाठी प्रायश्चित्त होतं. शुक्रवारपेठेतल्या त्या मुलीसाठी कुठल्या पोथीत कुठलं प्रायश्चित्त होतं? राग तिच्या करण्यावर नव्हताच, तेव्हा फेडायचं काय? नियमभंगासाठी शिक्षा होते तेव्हा निदान सुटकेची आशा असते. ज्याचं असणंच नियमभंग ठरतं, त्याला माफीसुद्धा मागता येत नाही.

शिवाय समाजाचा नियम सगळ्यांना सारखा लागू होतो, हा आणखी एक भ्रम. त्या काळच्या मराठी संगीत रंगभूमीकडे बघा. सवाई गंधर्व स्वतः नाटक कंपन्यांतून स्त्रीभूमिका करत. पुरुषानं लुगडं नेसून, लाजून, मुरकून गायलेली पदं मुंबई-पुण्यापासून हुबळी-धारवाडपर्यंतच्या घरंदाज प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. बायकांनी त्यांच्या लुगड्यांची, दागिन्यांची नक्कल केली. आणि त्याच काळात खरीखुरी बाई, अंगभर पदर घेऊन, हावभाव न करता, केवळ राग मांडायला बसली तर ती गाणेवाली ठरायची. शिकून परतताना रस्त्यात अशी हेटाळणी गंगूबाईंनी ऐकली. बाईपणाचं सोंग चालत होतं, बाई चालत नव्हती. पुढे घशाच्या आजारानंतर आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज जाड, भारदस्त झाला, तेव्हा बाईचा आवाज कसा असावा याबद्दलचे ठोकताळेही आडवे आले. त्यांनी तो आवाज गोड करायचा प्रयत्न केला नाही. तोच त्यांची ओळख झाला.

कुणी म्हणेल, या सगळ्या जुन्या गोष्टी. नवं यंत्रयुग आलं आणि असले पहारे उठले. काही अंशी ते खरं आहे. ग्रामोफोनच्या तबकडीला उंबरा नसतो. ‘गांधारी हुबळी’ या नावानं निघालेल्या गंगूबाईंच्या सुरुवातीच्या तबकड्या जिथं त्यांना पाय ठेवता आला नसता अशा दिवाणखान्यांतही वाजल्या असतील. पण यंत्र आलं की त्याच्यामागोमाग दारवानही येतो. 1946 साली हंगामी सरकारात माहिती आणि नभोवाणी खातं सरदार पटेलांकडे होतं. तेव्हा नभोवाणीवर असा आदेश निघाला, की ज्यांचं खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशा कलावंतांना घेऊ नये. आदेशाचे शब्द स्त्री-पुरुष असा भेद करत नव्हते. झळ लागली ती मुख्यतः गाणाऱ्या बायकांना. गल्लीतली कुजबुज सरकारी कागदावर आली, एवढाच काय तो बदल. नवी संस्था जुना नियम किती सहज उचलते, आणि तो आपलाच आहे असं किती ठामपणे समजते!

उलट कायद्यानं जुना नियम मोडू पाहिला, तेव्हा काय झालं? धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होतं. 1934 साली इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. मुलगी देवाला सोडणं बेकायदा ठरलं, आणि जिला सोडलं आहे तिचं लग्न कायदेशीर मानलं जाईल असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. कागद चोख होता. पण जवळच्याच सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला मुली सोडणं पुढे कैक वर्षं चालू राहिलं. 1982 साली कर्नाटकाला त्यासाठी पुन्हा नवा कायदा करावा लागला, आणि पुढे महाराष्ट्रालाही. महाराष्ट्रानं 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तोही जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकणं थांबवलं नव्हतं म्हणूनच. असे कायदे हवेतच. ज्याच्यावर बहिष्कार पडला त्याला निदान पोलीस ठाण्याची पायरी तरी चढता येते. पण कायदा दंड करू शकतो. शेजाऱ्याच्या कपाळावरची आठी पुसू शकत नाही.

आता त्या खास पाहुणीकडे येऊ. गंगूबाईंना 1971 साली पद्मभूषण आणि 2002 साली पद्मविभूषण मिळालं. म्हैसूरच्या संगीत विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. 21 जुलै 2009 रोजी हुबळीत त्या गेल्या तेव्हा सरकारी इतमामात निरोप दिला गेला. पुढे टपाल तिकिटावरही त्यांचा चेहरा आला. जिला एका बागेत पाऊल टाकायची मनाई होती, तिच्यासाठी राज्य उभं राहिलं. हे वाचून आपल्याला बरं वाटतं. समाज बदलला, असं आपण म्हणतो.

पण जरा थांबून बघावं. नियम मोडणाऱ्याला वठणीवर आणण्याचे समाजाकडे दोन मार्ग असतात. एक शिक्षेचा, तो आपल्याला माहीत आहे. दुसरा सन्मानाचा, आणि तो अधिक गोड असल्यामुळे लक्षात येत नाही. एखादी व्यक्ती फारच मोठी झाली, तिला बाहेर ठेवणं अशक्य झालं, की समाज तिला अपवाद म्हणून आत घेतो. हार घालतो, उंच जागी बसवतो. अपवादाचा थाट जितका मोठा, तितका मूळ नियम निर्धास्त राहतो. चोखोबांचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. त्यांचे अभंग शतकानुशतकं कीर्तनांतून गायले गेले, त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी पूज्य ठरली. आणि त्यांच्या जातीच्या माणसांना त्या दारातून आत जाण्यासाठी 1947 उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. चोखोबा वंदनीय होते, म्हणून त्यांची माणसं स्वीकारली गेली असं झालं नाही. उलट चोखोबांना नमस्कार करून झाला की आपलं कर्तव्य संपलं असं मानायची सोय झाली.

पाहुणी आणि शेजारीण यांच्या नात्यात हाच फरक आहे. पाहुणीला बोलावणं लागतं, आणि बोलावणं ज्याच्या हाती त्याची सत्ता अबाधित असते. पाहुणी येते, ताट वाढलं जातं, कौतुक होतं, ती निघून जाते. शेजारीण न विचारता येते, वाटीभर साखर मागते, भांडते, पोरं तिच्या अंगणात खेळतात. गंगूबाईंना तीच माणसं बोलावू लागली, ही त्यांच्या कर्तृत्वाची पावती होती. त्याच गल्लीत कमी प्रतिभेची, बेताच्या गळ्याची, एखादी साधी मुलगी असती तर तिला ती बाग कधी मोकळी झाली असती? समाज खरोखर बदलला की नाही, हे असामान्य माणसाच्या सत्कारातून कळत नाही. सामान्य माणसाला सामान्य राहूनही मानानं जगता येतं का, यावरून कळतं.

मग नियम बदलतात तरी कसे? माझ्या समजुतीप्रमाणे, ज्या वाटेनं ते टिकतात त्याच वाटेनं. छोट्या, रोजच्या, वारंवार घडणाऱ्या वागण्यातून. अंबाबाई स्वतः कर्नाटक संगीत गाणाऱ्या. मुलीच्या हिंदुस्तानी गाण्यात आपल्या गाण्याची छाया पडू नये म्हणून त्यांनी आपलं गाणं थांबवलं. त्या काळी असा त्याग सभेत सांगण्याजोगा मानलाही गेला नसेल. कुंदगोळला तेव्हा सवाई गंधर्वांच्या घरी भीमसेन जोशी नावाचा कोवळा मुलगा शिकत होता. तालीम आटोपून गंगूबाई निघाल्या, की तो त्यांना स्टेशनपर्यंत सोबत करायचा आणि आज काय शिकलात ते वाटेत विचारून घ्यायचा. ब्राह्मणाच्या मुलानं गाणाऱ्या बाईसोबत रस्त्यानं चालणं, तिला आपली ज्येष्ठ गुरुबहीण मानणं, हे कुठल्या सुधारणेच्या जाहीरनाम्यात नव्हतं. त्याला गाणं हवं होतं, तिला सोबत. पण रोज ते दृश्य बघणाऱ्या गावाला हळूहळू त्यात काही वावगं वाटेनासं होतं. अब्दुल करीम खाँच्या कन्या हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या, नाट्यगृहात बायका-मुलांसह कुटुंबं येऊन बसली, आणि बाईनं चारचौघांत गाणं हे पुढच्या पिढीच्या आईबापांना मुलीला शिकवण्याजोगं वाटू लागलं. आज हुबळी-धारवाडात किंवा पुण्यात गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलीकडे कुणी वळून बघत नाही. वळून न बघणं, हाच खरा बदल. त्याला हारतुरे लागत नाहीत.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात कायदे करणं नाही, पुरस्कार देणंही नाही. पण नियम राखायचं काम मात्र आपण सगळेच विनापगारी करत असतो. घर भाड्यानं देताना आपण भाडं आणि अनामत ठरवायच्या आधी आडनाव विचारतो. सोसायटीच्या लिफ्टमध्ये कामवाल्या बाईला बघून कुणाच्या तरी भुवया चढतात. मुलीच्या मैत्रिणीबद्दल चौकशी करताना, ती अभ्यास करते का यापेक्षा ती कुठं राहते हे आपल्याला आधी हवं असतं. आणि विचारलंच कुणी, तर कारण तयार असतं: स्वच्छता, शाकाहार, संस्कार, मुलांची सुरक्षितता. कारणं खोटी असतातच असं नाही. स्वच्छता हवीच, शांतता हवीच. प्रश्न एवढाच, की तीच अस्वच्छता, तोच गोंगाट आपल्यातल्या माणसानं केला असता तर आपण याच सुरात बोललो असतो का?

रोज रात्री स्वतःला हा एक प्रश्न विचारावा. आज मी कुणाला तरी अडवलं, टोकलं, दूर ठेवलं, ते त्याच्या करणीसाठी की त्याच्या असण्यासाठी? करणीसाठी असेल तर निर्धास्त राहावं. टोकणं हेही प्रेमाचं काम असू शकतं, आणि टोकणाऱ्या माणसांशिवाय समाज उभा राहत नाही. असण्यासाठी असेल, तर नियमाचं नाव कितीही पवित्र असो, तो आपल्या हातून पुढे जाऊ देऊ नये. आणि पुढच्या वेळी एखाद्या मोठ्या माणसाला हार घालायला आपण उत्साहानं उठू, तेव्हा त्याच्याच वस्तीतल्या, त्याच्याच आडनावाच्या, काहीही न मिळवलेल्या माणसाला आपण आपल्या दारी कसं वागवतो, तेही बघावं. सत्काराचं खरेखोटेपण तिथं ठरतं.